नऊ आकडे आपले

माझ्या गळ्याला पुढून एक भोक आहे. कोटाच्या बटणाएवढं. मी त्यातून श्वास घेतो आणि त्यातूनच खोकतो. खोकला आला की रुमाल तोंडावर नाही, गळ्यावर न्यावा लागतो. पहिले दोन महिने मी सवयीने तोंडावर नेत होतो आणि समोर बसलेल्याच्या शर्टाचं जे व्हायचं ते होत होतं.

हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. ज्यांना किळस आली त्यांनी खुशाल पान उलटावं, मला राग नाही. पण ज्यांना एखाद्या डॉक्टरने असंच भोक सुचवलं आहे आणि जे घरी येऊन कुणालाच काही न सांगता पंख्याकडे बघत पडलेत, त्यांनी खुर्ची पुढे ओढावी. मीही तसाच पडलो होतो.

माइक

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सेक्टरात गणपतीचे दहा दिवस माइक माझ्या हातात असायचा. आरतीची सूचना, हरवलेलं पोर, कुणीतरी कुणाच्या तरी स्कूटरमागे लावलेली गाडी, सगळं मी जाहीर करायचो आणि सगळं रंगवून करायचो. "पार्किंगची सूचनासुद्धा तुम्ही राजाचा वध झाल्यासारखी वाचता," असं माझी बायको मेधा म्हणायची. ती इथल्या एका शाळेत गणित शिकवते. तिला अतिशयोक्तीचं वावडं आहे. लग्न मात्र तिने माझ्याशी केलं.

पोटासाठीही मी आवाजच वापरला. मूळचा सोलापूरचा, दिल्लीत रशियन शिकलो आणि सरकारी खात्यात दुभाषी म्हणून चिकटलो. आमच्या कामाचे दोन नियम आहेत, ते आत्ताच सांगतो, पुढे लागतील. एक, पाहुणा "मला भूक लागली" म्हणाला की दुभाष्यानेही "मला भूक लागली" असंच म्हणायचं. "हे म्हणतायत की यांना भूक लागली" असा कारभार नाही. दोन, खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पोचवायचं, शिवीसुद्धा. काही गाळायचं नाही. तीस वर्षं हे केलं की ते डोक्यातून होत नाही. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं होतं.

आणि हो, सिगारेट. शिष्टमंडळं यायची, पाहुणे कॉरिडॉरमध्ये ओढायचे, मीही ओढायचो. बावीस वर्षं. आजारापूर्वी सहा वर्षं सोडली होती. रोगाने ती सहा वर्षं हिशेबात धरली नाहीत.

दिल्लीतच होणारी चूक

आवाज ऑक्टोबरात बसला. मी म्हटलं गणपतीत ताणला. नोव्हेंबरात सगळ्या दिल्लीचाच बसतो. खिडकीबाहेर पिवळट धूर असतो, शेजारी खोकत असतो, ऑफिसातला शिपाई खोकत असतो, बातम्या देणारी बाईसुद्धा खाकरते. त्या गर्दीत माझा एक घसा काय वेगळा दिसणार? मेधा म्हणाली, "डॉक्टरांना दाखवून या." मी म्हटलं, "फेब्रुवारीत हवा सुटली की सुटेल."

फेब्रुवारीत हवा सुटली. सगळ्यांचे घसे सुटले. माझा तसाच होता. तेव्हा कुठे मी डॉक्टरची वेळ घेतली.

दिल्लीत राहत असाल तर एवढंच लक्षात ठेवा. धुराला सगळं माफ करू नका. तीन आठवड्यांत आवाज आला नाही तर दाखवा. मी पाच महिने वाट पाहिली.

निदान

गुरुग्रामच्या एका रुग्णालयात डॉक्टर अरोरा नावाच्या बाई होत्या. लहान चण, मोठा चष्मा, आवाज एकदम सपाट. त्यांनी नाकातून दुर्बीण घालून तुकडा काढला आणि आठवड्याने आम्हाला बोलावलं. मी, मेधा आणि मुलगी सई असे तिघं गेलो.

"कैंसर है. स्वरयंत्र में. अभी रेडिएशन और साथ में कीमो से कोशिश करेंगे कि आवाज़ बच जाए."

मला कुटुंब आठवायला हवं होतं, देव आठवायला हवा होता. मला माइक आठवला. आमच्या मंडळाचा जुना, जाळी चेपलेला माइक.

सई गुरुग्रामलाच नोकरी करते, दिल्लीत वाढलेली पोर. ती म्हणाली, "बाबा, रिलॅक्स. आजकाल सगळं ट्रीटेबल असतं यार. बिल्कुल टेन्शन नाही घ्यायचं." आणि खाली पार्किंगमध्ये गेल्यावर तिला गाडी कुठे लावली तेच आठवेना. पाऊण तास आम्ही तिघं त्या तळमजल्यात रांगा हिंडत होतो. ती किल्लीचं बटण दाबायची, कुठूनतरी गाडी ओरडायची, पण दिसायची नाही.

तळघर

रेडिएशन तळघरात असतं. सात आठवडे, रविवार सोडून रोज. आधी तुमच्या चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी दाबून मुखवटा बनवतात. नंतर रोज तो चढवून टेबलाला खटाखट अडकवतात, मान हलू नये म्हणून. हौशी नाटकांत मी राक्षसांचे पुष्कळ मुखवटे घातले होते, पण मुखवट्यानेच मला टेबलाला धरून ठेवलंय असा प्रयोग पहिलाच. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे लोक चहाला जातील आणि मला विसरतील. घाबरून ओरडायला गेलो तर जबडा उघडेना.

तिथेच, बाहेरच्या खुर्च्यांवर, आर्कादी भेटला.

पाठीला नाडी बांधायचा निळा गाऊन त्याला तोकडा पडत होता. नाक दोन ठिकाणी मोडून दोन वेगळ्या दिशांना बसलेलं. कान मुडपलेल्या करंजीसारखे. तो नर्सला हाताच्या खुणांनी काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत "पानी? बाथरूम?" विचारत होती. मी जवळ जाऊन माझ्या फाटक्या आवाजात रशियनमध्ये विचारलं, "काय हवंय आपल्याला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू भिंतीवरची पालच बोलली.

त्याला सांगायचं होतं की मुखवटा नाकावर घट्ट होतो, कारण माप घेतलं तेव्हा तो सरळ नाक समजून दाबला. मी सांगितलं. नर्सने मुखवट्याला नाकापाशी खिडकी कापून दिली. त्या दिवसापासून आम्ही शेजारी बसायला लागलो.

पूर्ण नाव आर्कादी येगोरोविच. त्यांच्यातही आपल्यासारखंच वडिलांचं नाव मधे लागतं. माझ्या वडिलांचं नाव विचारून त्याने मला लगेच सुधीर विनायकोविच करून टाकलं. बाबांना आवडलं असतं.

हरण्याचा धंदा

आर्कादी व्यावसायिक मुष्टियोद्धा होता. "विजेता?" मी विचारलं. तो घसा दुखत असतानाही हसला.

उरलच्या पायथ्याशी कारखान्याच्या गावात तो शिकला. देश मोडला तेव्हा कारखान्याचा बॉक्सिंगचा क्लब बंद पडला, पगार बंद पडले, आणि त्याच्या हातात मुठी तेवढ्या राहिल्या. मग फोन यायला लागले. जर्मनीत एक होतकरू मुलगा आहे, त्याला जिंकायला कुणीतरी लागतं. चार दिवसांत या. आर्कादी बसने तीन दिवस प्रवास करून जायचा, उतरून वजन करून घ्यायचा, लढायचा, हरायचा आणि त्याच बसने परत.

"म्हणजे मुद्दाम?"

"छे! मुद्दाम पडणारे वेगळे. मी खरं लढायचो. पण पाहुणा गुणांवर जिंकत नसतो, सुधीर विनायकोविच. माझं काम एवढंच, शेवटची घंटा होईपर्यंत पायांवर उभं राहायचं. पोराला आठ फेऱ्यांचा सराव मिळतो, लोकांना तमाशा मिळतो, मला पुढचा फोन मिळतो."

एकदा तो चुकून जिंकला होता. जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गला तिसऱ्या फेरीत त्याचा डावा हात असा काही बसला की यजमानांचा लाडका उताणा पडला. सभागृह गप्प झालं. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर ठोसा," तो म्हणाला. "त्यानंतर नऊ महिने एकही फोन आला नाही. बायको तेव्हाच गेली."

हे सगळं त्याने मला हप्त्याहप्त्याने सांगितलं, कारण तिसऱ्या आठवड्यापासून आम्हा दोघांनाही सलग बोलता येईना. तोंड आतून सोलून निघालं होतं. थुंकी म्हणजे गोंद. पाण्याला लोखंडाची चव. माझं वजन असं उतरलं की लग्नातली अंगठी मेधाने तिच्या पर्समध्ये ठेवली. मेधा मुगाची पातळ खिचडी गाळून आणायची, आधी माझ्यासाठी, मग दोन डब्यांत. आर्कादीने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "काशा!" तो म्हणाला. त्यांच्या आजीची पेज म्हणे तशीच असते. मी नाटकी आवंढे गिळत होतो, तो मात्र प्रत्येक घोट जबाबदारीने गिळायचा, नोकरीवर असल्यासारखा.

एका सकाळी मी त्याला म्हणालो, आज मी मुखवट्यात जाणार नाही. मला होत नाही.

तो म्हणाला, "पडलास तर काय करशील?"

"उठेन."

"लगेच उठणारे मूर्ख. ते धडपडत उठतात आणि दुसरा ठोसा खातात. पडलास की एका गुडघ्यावर बस आणि पंच मोजतोय ते ऐक. एक ते नऊ हे आकडे तुझे आहेत. विश्रांती आहे ती, कुणी हात लावू शकत नाही. दहा मात्र त्याचा, दहा झाले की लढत संपली. तो त्याला म्हणू द्यायचा नाही."

मी नऊपर्यंत मोजलं आणि आत गेलो. त्यानंतर रोज मोजलं. ही या लेखातली एकमेव उपयोगाची सूचना आहे, बाकी सगळी बडबड.

खोटं

उपचार संपून तीन महिन्यांनी तपासणी झाली. मेधाच्या शाळेत परीक्षा होत्या म्हणून मी एकटा गेलो. डॉक्टर अरोरांनी पडद्यावर काळं-पांढरं चित्र दाखवलं.

"पूरा नहीं गया. अब ऑपरेशन करना होगा. पूरा स्वरयंत्र निकलेगा. गले में छेद रहेगा, हमेशा के लिए. नहीं करेंगे तो..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं, सपाट आवाजात. मी ते इथे लिहीत नाही. तुम्हाला समजलंय.

मी म्हटलं, "नहीं."

"दो हफ़्ते में बता दीजिए," त्या म्हणाल्या. जणू मी "नहीं" म्हटलंच नव्हतं.

घरी आलो. मेधा पेपर तपासत होती. "काय म्हणाल्या?"

"थोडं शिल्लक आहे. औषधाने जाईल."

तीस वर्षांत मी कुणाचा एक शब्द गाळला नव्हता. बायकोसाठी आख्खं वाक्य गाळलं. ती "हुश्श" म्हणाली आणि मला पोटभर रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

आर्कादीला मात्र सांगितलं. परक्याला सांगणं सोपं असतं. त्याची तपासणी आठवड्याने होती. तो ऐकून घेत राहिला.

सगळे शब्द

आर्कादीचं इथे कुणी नव्हतं. मानेसरच्या रस्त्यावर दहिया नावाचे एक गृहस्थ शेडमध्ये बॉक्सिंग शिकवण्याचा आखाडा चालवतात. त्यांनीच त्याला प्रशिक्षक म्हणून आणलं होतं आणि आजारपणात सोडलं नव्हतं. त्याच्या निकालाच्या दिवशी रुग्णालयाचा फोनवरचा रशियन दुभाषी मिळेना, म्हणून अरोरा बाईंनी मलाच विचारलं.

बाहेर दहियांनी माझा दंड धरला. मोठा माणूस, मिशा ओल्या झालेल्या. "मास्टर जी, डॉक्टरनी न्यूं बताया सै के फेफड़ां मैं फैल ग्या. इसनै मत बताइयो. टूट ज्यागा." आर्कादीला कळू न देण्याचं मी त्यांना वचन दिलं. म्हटलं काहीतरी गोड सांगतो.

खोलीत आम्ही बसलो. डॉक्टर टेबलापलीकडे, आर्कादी आणि मी अलीकडे, दहिया दाराशी. डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आर्कादीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सुधीर विनायकोविच. सगळे शब्द."

मी दहियांकडे पाहिलं नाही. सगळे शब्द दिले. फुप्फुसं. आता बरं होणार नाही. त्रास कमी ठेवता येईल. काही महिने.

तेवढ्यात दार हळूच उघडलं. मेधा शाळेतून थेट आली होती, दोन डबे घेऊन. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

आर्कादी बोलायला लागला, मी त्याच्यामागून हिंदीत. "मला मरायची भीती नाही," मी म्हणालो. "मला गुदमरायची भीती वाटते. रात्री वाटतं कुणी उशी दाबतंय. हे कुणाला सांगता येत नाही." दुभाषी "मी"च म्हणतो. त्या खोलीत माझ्याच फाटक्या आवाजात मी पहिल्यांदा ते वाक्य बोललो, आणि मला कळेना की ते कुणाचं आहे.

डॉक्टरांनी उत्तर दिलं. श्वासासाठी काय काय करता येतं ते सांगितलं. मी ते त्याला दिलं. त्याने मान हलवली. मग तो खुर्चीत माझ्याकडे वळला आणि रशियनमध्ये म्हणाला, आणि माझ्या तोंडाने, पाय उडावा तसं, ते हिंदीत तसंच्या तसं बाहेर पडलं:

"तुला तर ते वाचवू शकतात. तुझं स्वरयंत्र काढायचंय आणि तू नाही म्हणालास. घरी खोटं सांगितलंस. मला एवढा सौदा कुणी दिला असता तर मी इथेच, या टेबलावर आडवा झालो असतो."

शेवटचा शब्द संपल्यावर मला कळलं मी काय बोललो.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपने घर पे बताया नहीं?"

आणि मी, तुम्ही हसा, मला हरकत नाही, मी आर्कादीकडे वळून तेही रशियनमध्ये सांगितलं. यंत्र थांबेचना.

"नाही सांगितलं," आर्कादी म्हणाला. मी तेही हिंदीत सांगितलं.

कोपऱ्यात डब्याची कडी वाजली. मेधा उठली. तिने एक डबा उघडला, चमचा काढला, आणि आर्कादीच्या हातात दिला. माझा डबा तिने पिशवीतच ठेवला.

तू

मेधा मला लग्नापासून "अहो" म्हणते. अगदीच संतापली तर "तू". एकतीस वर्षांत "तू" तीनदा झालं होतं.

टॅक्सीत तिने डब्यांची पिशवी आमच्या दोघांच्या मधे ठेवली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "तू त्याला सांगितलंस."

"मेधा, ऐक."

"त्या बिचाऱ्याला सांगितलंस. ज्याला आज मरणाची तारीख मिळाली त्याने तुझी चुगली करायची, आणि मी खिचडीचे डबे घेऊन बसायचं. मी कोण आहे रे इथे? मेसवाली?"

"आवाज गेल्यावर मी काय राहतो, सांग. मला दुसरं काही येत नाही."

"सहा महिने तू कुजबुजतोयस. मी घर सोडून गेले?"

मला आर्कादीची एक गोष्ट आठवली. वर्मी लागलं की घाबरट मागे सरकतो आणि नेमका लांब हाताच्या टप्प्यात येतो. जाणकार पुढे होतो, प्रतिस्पर्ध्याला मिठी मारतो, म्हणजे त्याला हात फिरवायला जागाच राहत नाही. मी इतके दिवस नुसता मागे सरकत होतो. मी पुढे झालो. तिने मला दोन्ही हातांनी ढकललं. मी सोडलं नाही. तिची पर्स आमच्या दोघांच्या मधे रुतली होती.

पुष्कळ वेळाने, तिच्या केसांत, मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, या ऑपरेशननंतर घोरणंही थांबतं."

ती हुंदका देत होती, तो मधेच अडकला. "मग वीस वर्षांपूर्वी का नाही केलंस?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन तिने केला. मला बोलू दिलं नाही.

निळ्या कोपऱ्यात

ऑपरेशनच्या आधीचे दिवस वाईट गेले. सई फोन घेऊन मागे लागली, "बाबा, काहीतरी रेकॉर्ड करू दे ना, प्लीज." मी म्हटलं मी अजून मेलो नाही. त्यावरून आमचं भांडण झालं, ती दार आपटून गेली. नंतर कळलं, मी स्वयंपाकघरातून "सई, चहा निवतोय गं" असं ओरडलो होतो ते तिने आधीच गुपचूप टिपून ठेवलं होतं. तेवढंच आहे. चहाच्या हाकेपुरतं.

दाखल व्हायच्या आदल्या दुपारी आर्कादीला भेटायला गेलो. तो आता चौथ्या मजल्यावर असायचा, नाकात ऑक्सिजनची नळी, छाती भात्यासारखी. दहिया त्याचे पाय दाबत होते. मेधा माझ्याबरोबर होती.

मी विचारलं, काही हवं का?

तो थोडं थोडं बोलला. लढतीआधी निवेदक दोघांची नावं पुकारतो. यजमानाचं नाव लांबवून, गाव, वजन, पराक्रम, सगळं. निळ्या कोपऱ्यातल्या पाहुण्याचं नाव घाईत. "एकदाही कुणी धड घेतलं नाही. अर्कादू. अकार्डी. एकदा तर आधीच्या लढतीतल्या माणसाचंच नाव घेतलं. मी त्याच नावाने हरलो."

मला दुसरं काय येतं सांगा?

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो. सलाइनचा रिकामा स्टँड ओढून माइकसारखा धरला. मेधा माझ्याकडे अशी बघत होती की आता हा पार्किंगची सूचना देणार. आणि मी सुरू केलं. आवाज म्हणजे फाटकी ताडपत्री होती, पण पोटातून काढला.

"बंधू आणि भगिनींनो! निळ्या कोपऱ्यात! उरलच्या पायथ्याहून तीन दिवस बसने आलेले! आयुष्यभर पाहुण्यांच्या जागी लढलेले, आणि शेवटच्या घंटेपर्यंत पायांवर उभे राहिलेले! मॅग्डेबुर्गच्या डाव्या हाताचे धनी! आर्कादीऽऽऽ येगोरोऽऽऽविच!"

मग तेच रशियनमध्ये. मग दहियांसाठी हिंदीत. येगोरोविचच्या "वि"वर आवाज फुटला, पण अक्षर एकही चुकलं नाही. दारात दोन नर्स आणि एक सफाईवाले काका उभे होते. काकांनी टाळ्या वाजवल्या. आर्कादीने उजवा हात वर केला, नळ्यांसकट, जेवढा जातो तेवढा.

माझा हा शेवटचा प्रयोग. शेवटचं वाक्य मात्र वेगळंच ठरलं. काहीतरी भव्य बोलायचं मी योजलं होतं. ऑपरेशन थिएटरच्या दारात वॉर्डबॉयने ट्रॉली थांबवली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "भैया, ये चश्मा किसको दूँ?"

नंतर

जागा झालो तेव्हा गळ्यात नळी, नाकात नळी. दर थोड्या वेळाने भोकातून नळी घालून कफ ओढायचे. तेव्हा खरंच कुणी उशी दाबतंय असं वाटतं. मी मेधाच्या तळहातावर बोट टेकवत नऊपर्यंत मोजायचो. बहुतेक वेळा पाचावर संपायचं.

सातव्या दिवशी दहिया आले. ते नुसते पलंगाजवळ उभे राहिले, तेव्हाच समजलं. "सवेरे," ते म्हणाले. "आराम तै गया." मी रडलो. तोवर मला माहीत नव्हतं की रडायलाही आवाज लागतो. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि गळ्यातल्या भोकातून नुसती फुसफुस. मेधाने तिथला रुमाल धरला. बरोबर जागी धरला.

पाटीवर लिहून मी दहियांना विचारलं, स्मशानात नाव कुणी सांगितलं? ते म्हणाले, "मन्नै. जूकर तन्नै सिखाया था, न्यूएं." म्हणजे त्यांनीच, मी शिकवलं होतं तस्संच.

महिन्याभराने भोकाच्या आत एक छोटी झडप बसवली. अंगठ्याने भोक दाबलं की हवा तिथून वळते आणि घशात एक घरघर उमटते. तिला आवाज म्हणतात. मला ती जुन्या स्कूटरसारखी वाटली, थंडीतल्या. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, फार प्रेमळ.

"चलिए अंकल, एक से दस तक गिनिए."

मेधा समोरच्या खुर्चीत होती. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. मी अंगठा दाबला.

"एक," घरघर म्हणाली. मेधाचे ओठ हलले. "दोन. तीन." चारला कफ आला, थांबलो, रुमाल, पुन्हा अंगठा. "चार. पाच. सहा. सात." घाम फुटला होता. "आठ."

श्वास घेतला.

"नऊ."

आणि अंगठा काढला.

"बहुत बढ़िया! बस एक और अंकल. दस?"

मी मान हलवली.

"बोलिए ना, हो जाएगा. दस!"

"राहू द्या हो," मेधा त्या बाईंना मराठीतच म्हणाली आणि पर्स खांद्याला अडकवून उठली. "नऊच मोजतात ते. चला अहो."

मी खुर्चीचे हात धरले, आणि उठलो.